रद्दीच्या तराजूतून सुटलेली पुस्तके

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरची जुनी पुस्तके खाली येतात आणि पुष्कळदा थेट रद्दीच्या तराजूत जाऊन बसतात. तराजूला वजन कळते. नाव कळत नाही. नाव कळते जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला. ढिगातून तो वेचील तेवढे वाचते. उरलेल्याचा लगदा होतो.

या विक्रेत्यांचे ऋण लहान नाही. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. मुंबईत काळबादेवीला १९०५ साली निघालेल्या 'न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप'ने शंभरी ओलांडली. आज ते उरलेले नाही. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील विक्रेत्यांनाही २००५ साली महापालिकेने हटविले.

जुन्या पुस्तकांची निगा राखण्याची रीत तशी साधीच. आलेले पुस्तक प्रथम सावलीत वाऱ्यावर ठेवायचे, पानोपान झटकायचे, कसर लागलेले निराळे काढायचे. कपाटात वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला. सुटलेला पुठ्ठा खळीने चिकटवायचा. बांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालीत, म्हणजे कीड तिला तोंड लावीत नसे. चिकटपट्टी मात्र वर्ज्य! तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदावर कायमचा डाग ठेवतो.

पण खरा शत्रू कागदातच दडलेला असतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांत बांधलेले हातकागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्याला तुरटी आणि राळ यांची खळ असे. त्यातून आम्ल तयार होते. कागद तांबूस पडतो आणि दुमडताच पापडासारखा मोडतो. म्हणून नवल असे की, खापरपणजोबांचे पत्र टिकते आणि आजोबांचे पुस्तक आधी जाते!

जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला हे कळते. म्हणून असे पुस्तक तो उन्हात मांडीत नाही, ओलीच्या भिंतीला टेकवीत नाही, फार दाबून रचीत नाही. आम्ल त्याने थांबत नाही. पुस्तकाचे आयुष्य मात्र वाढते, आणि तेवढ्यात एखादा जाणता वाचक त्याला भेटतो.

तेव्हा वाचकहो, यंदा माळा आवरताना एवढेच करा: गठ्ठा तराजूत घालण्याआधी प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान उघडून पाहा. नको असेल तर रद्दीवाल्याआधी ते जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला दाखवा. कोण जाणे, त्याची शेवटची प्रत तुमच्याच हातात असायची!