पिन, वायसर आणि साबणाचं पाणी : स्वयंपाकघरातल्या दुरुस्तीचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानाला आलो की आपल्याला तह, लढाया आणि सनावळ्या ऐकायची सवय असते. आज आपण त्या सगळ्यातून बाहेर पडून थेट ओट्यापाशी जाणार आहोत. प्रश्न साधा आहे. घरातली चूल, स्टो किंवा गॅस बिघडला तर तो दुरुस्त कोण करायचं? ते ज्ञान कुणाच्या हातात होतं, आणि ते त्या हातातून कधी गेलं? वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नात माणसांचे, विशेषतः बायकांचे, जीव गुंतलेले आहेत.

सुरुवात चुलीपासून करू. मातीची चूल बाईच घालायची आणि डागडुजीही तीच करायची. तडा गेला की चिखल-शेणाचा हात फिरवायचा, रोज सकाळी पोतेरं द्यायचं. कारागीर बोलवायचा प्रश्नच नव्हता. वापरणारी, बांधणारी आणि दुरुस्त करणारी एकच बाई. धुराचा त्रास होता, डोळे जायचे, छाती भरायची. ते आपण विसरायचं नाही. पण चुलीत तिला न समजणारं काहीच नव्हतं.

मग आला स्टो. 1892 साली स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला, फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टो बनवला. तोच आपला ‘प्रायमस’. 1911 साली आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्या सामानात प्रायमस होता, आणि पुढे तसलाच स्टो आपल्या चाळींतल्या खोल्यांत फुरफुरू लागला.

हा स्टो चालतो कसा, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. टाकीत रॉकेल. पंपाने हवा भरली की दाबामुळे रॉकेल नळीतून वर चढतं. वरचा बर्नर आधी तापलेला असेल तर तिथे रॉकेलची वाफ होते. ती वाफ निपलच्या बारीक भोकातून जोरात बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळी ज्योत मिळते. बर्नर तापवायला स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा. घाई केली, बर्नर पुरता तापला नाही, की वाफेऐवजी पातळ रॉकेलच वर येतं आणि पिवळा भडका उडतो.

म्हणजे हे यंत्र होतं, आणि यंत्र म्हटलं की बिघाड आला. निपलमध्ये काजळी धरली की पिन मारायची. दाब बसेना, तर पंपातला चामड्याचा वायसर सुकलेला असायचा. तो काढून खोबरेल तेलात भिजवायचा, पसरवून परत घालायचा. विझवायचा तर चावी सैल करून हवा सोडायची. आणि तापलेल्या स्टोत रॉकेल ओतायचं नाही, हे घरात शिरणाऱ्या प्रत्येक सुनेला आणि प्रत्येक पोराला सांगितलं जायचं. आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत, त्यांना रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून, त्यावर स्टोचे सगळे अवयव मांडून बसलेलं घरातलं कुणीतरी आठवत असेल. पंप काढलेला, हात काळे, आणि आतून हाक, “अहो, चहा कधी ठेवायचा?”

रॉकेल मिळणं हीही एक लढाई होती. 1972 साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले, तेव्हा धान्य, साखर आणि तेलाबरोबर रॉकेलही त्यांच्या मागण्यांत होतं. स्वयंपाकघराचं इंधन हा रस्त्यावरचा प्रश्न झाला होता.

आता या इतिहासातलं सगळ्यात काळं पान. 1970 आणि 80च्या दशकांत वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक बातमी सतत यायची : ‘स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’. काही अपघात खरेच होते, हे आपण मान्य केलं पाहिजे. भडका कसा उडतो ते आत्ताच पाहिलं. पण स्त्री चळवळीने एक साधा, बोचणारा प्रश्न विचारला : स्टो नेहमी सुनेच्याच हातात कसा भडकतो? सासू, नणंद, नवरा, कुणाच्याच हातात का नाही? या रेट्यामुळे कायदा बदलला. 1983 साली भारतीय दंडविधानात कलम 498-अ आलं, 1986 साली हुंडाबळीचं कलम 304-ब आलं. हा प्रश्न विचारण्यासाठी स्टो कसा चालतो हे ठाऊक असणं उपयोगी होतं. टाकीत रॉकेल किती होतं, चावी उघडी होती की बंद, काकडा कुठे होता? यंत्राची माहिती असली की खोटी गोष्ट पचवणं अवघड जातं.

आता गॅसकडे येऊ. मुंबईला गॅस नवा नव्हता. 1860च्या दशकातच बॉम्बे गॅस कंपनीच्या कोळशाच्या गॅसवर रस्त्यांवरचे दिवे लागले होते. पुढे काही घरांत नळीने तो स्वयंपाकालाही गेला. पण सिलिंडरचा गॅस आला तो ट्रॉम्बे-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिल्यावर. 1955च्या सुमारास बर्मा शेलने ‘बर्शेन’ नावाने तो मुंबईत विकायला सुरुवात केली. 1965 साली ‘इंडेन’ आला. त्यानंतरची कित्येक वर्षं ‘गॅसचा नंबर लागला का हो?’ हा लग्नघरातला नेहमीचा प्रश्न होता.

गॅसच्या बर्नरचं तत्त्व स्टोहून फार लांब नाही. 1855च्या सुमारास हायडेलबर्गला बुन्सेनच्या प्रयोगशाळेत जो बर्नर तयार झाला, त्याचंच हे घरगुती रूप. गॅस बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, वेगाने सुटतो, जाताना हवा ओढून घेतो, आणि मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येऊन जळतं. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी. कमी पडली की पिवळी, आणि पातेल्याच्या बुडाला काजळी.

इथे एक गंमत झाली. स्टो गेला, पण हाताची सवय गेली नाही. पिढ्यान्पिढ्या ज्या हातांनी निपलला पिन मारली, त्याच हातांनी गॅसच्या जेटमध्ये सुई घातली! स्टोची पिन त्या भोकाच्या मापाची असायची, आणि तिथे रोज काजळी जमायची. गॅसच्या जेटमध्ये तशी काजळी जमत नाही. जेट पितळेचा, मऊ धातूचा. सुईने भोक किंचित मोठं झालं, की गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, आणि ज्योत कायमची पिवळी होते. आपण दुरुस्ती समजून बिघाड करत होतो.

मग घरी करायचं काय? बहुतेक वेळा दोष जेटचा नसतोच. तो उतू गेलेल्या दुधाचा असतो. बर्नर गार झाल्यावर काढायचा, गरम पाण्यात भिजवायचा, पितळेचा असेल तर चिंचेने घासायचा, छिद्रं ब्रशने मोकळी करायची, आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच बसवायचा. ओला बसवला तर ज्योत फडफडते. चिंच तीच, तांब्या-पितळेची भांडी घासायची. जुनं ज्ञान इथे कामाला आलं.

गळतीचं मात्र वेगळं आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो खाली जमिनीलगत साचतो. मुळात त्याला वास नसतो, वास मुद्दाम घातलेला असतो. याच्यामागेही इतिहास आहे. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत, टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत, बिनवासाच्या नैसर्गिक वायूची गळती कुणाच्याच लक्षात आली नाही. स्फोटात तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर वायूत वास मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या नाकाला येणारा तो घाण वास त्या मुलांच्या मरणातून आलेला इशारा आहे. म्हणून वास आला की काडी ओढून गळती शोधायची नाही, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या. नंतर नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं. बुडबुडा दिसला, तर आपलं काम तिथे संपलं. पुढे एजन्सीचा माणूस.

ओव्हनचं काय, असं कुणीतरी नक्की विचारेल. आपल्याकडे ओव्हन घरात नव्हताच. नानकटाईचं पीठ मळून, ताटात मांडून बायका ते बेकरीच्या भट्टीवर नेत. घरात आला तो विजेचा, ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आणि त्याची बहीण, कॉइलची शेगडी. कॉइल तुटली की दोन टोकं एकमेकांत अडकवून काम भागवायचं, हे आपण सगळ्यांनी केलंय. तार आखूड झाल्याने ती जास्त तापायची आणि लवकर पुन्हा तुटायची. शिवाय उघड्या तारेत वीज खेळत असायची. काटकसर होती खरी, पण नशिबाच्या भरवशावर.

शेवटचं वळण नळाच्या गॅसचं. 1995 साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि मुंबईच्या स्वयंपाकघरांत नैसर्गिक वायू येऊ लागला. तेवढ्याच घनफळात त्याची उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून त्याचे जेट मोठ्या भोकाचे असतात, आणि जोडणी देताना ते बदलले जातात. आता विचार करा : मुलगा मुंबईहून आपली शेगडी गावी आईला पाठवतो, आणि आई ती सिलिंडरला जोडते. मोठ्या भोकातून जोरकस गॅस! ज्योत हातभर. शेगडी चांगली, सिलिंडर चांगला, दोघांची गाठ चुकीची. ही गोष्ट कुणीतरी त्या आईला सांगायला हवी ना? 2016 पासून उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस गेला. चूल स्वतः घालणाऱ्या कितीतरी बायकांच्या हातात पहिल्यांदाच असं यंत्र आलं, ज्याचं पोट त्यांना कुणी उघडून दाखवलेलं नाही.

तेव्हा मंडळी, सगळं घरीच दुरुस्त करा असं आमचं म्हणणं नाही. व्हॉल्व्ह, जेट, रेग्युलेटर यांना हात लावू नये. पण हात न लावणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आपली चूल कळत होती. गॅसपुढे उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला, मग ती बाई असो की बुवा, आपला गॅस तेवढाच कळला पाहिजे. आज घरी गेल्यावर एवढंच करा : नळीवरचं वर्ष वाचा, आणि वाटीत थोडं साबणाचं पाणी घ्या.