ओम्नी स्लोला थांबत नाही? कार्बोरेटर बदलण्याआधी हे तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात भाजी, दूध, मंडपाचं सामान आजही जुन्या ओम्नीतून जातं. मारुतीची ही व्हॅन 1984 मध्ये आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे आता रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. तक्रारही बहुतेकांची सारखी. सिग्नलला गाडी थरथरते, रेस दिली तरच चालू राहते. मग कोणीतरी सांगतो, "कार्बोरेटर गेलाय." नवा बसतो, पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

आधी एक गोष्ट. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, पेट्रोल गळलं तर ते थेट तुमच्या बुडाखाली. आत पेट्रोलचा वास येत असेल तर स्टार्टर मारू नका. इंजिन थंड असताना सीट उचला आणि रबरी नळ्या हाताने दाबून पाहा. फुगलेली, चिकट किंवा चिरा पडलेली नळी ताबडतोब बदला. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांतलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. मीटरभर नळी आणि चार क्लिप यांचा खर्च किरकोळ आहे. शाळेची मुलं ने-आण करणाऱ्यांनी तर यात चालढकल करूच नये.

वास नसेल तर गाडी चालू करून सायलेन्सरमागे उभं राहा. 796 सीसीचं हे इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे थोडी थरथर जन्मापासूनच आहे. पण ठरावीक अंतराने ठोका चुकत असेल तर एक सिलिंडर 'मिस' मारतोय, आणि त्याचं कारण बहुधा प्लग, प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप किंवा टॅपेट. ठोका कधी बरा, कधी वाईट असा बेभरवशाचा असेल तर हवा-पेट्रोलाच्या मिश्रणाकडे वळा.

तिन्ही प्लग काढून ओळीने ठेवा. तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक म्हणजे कमी. दोन बरे आणि एकच ओला असेल तर त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नाही. असं असताना कार्बोरेटर खोलण्यात काय अर्थ? सगळे प्लग चांगले असूनही एक सिलिंडर मेलेला असेल तर टॅपेट सेटिंग आणि कम्प्रेशन तपासून घ्या. गॅसवर बरीच वर्षं चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह बसके झालेले सापडतात.

आता हवा. कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग किंवा व्हॅक्यूमची एखादी बारीक नळी फाटली की इंजिन जादा हवा ओढतं. साधी रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक जोडांजवळ फिरवा, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून. 'स्स्स' असा आवाज आला की जागा सापडली. दुसरी खूण चोकची. गरम इंजिनाला चोक थोडा ओढल्यावर स्लो सुधारला, तर मिश्रणात हवा जास्त आहे. म्हणजे एकतर गळती आहे, नाहीतर स्लो जेटमध्ये कचरा. पुष्कळजण इथे स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतात. त्याने थरथर झाकली जाते, पण पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड स्लोवरच मोजतात आणि गाडी तिथे अडकते.

रेसवर उत्तम, पाय काढला की लगेच बंद? कार्बोरेटरवर स्लोचं पेट्रोल उघडणारा एक छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असतो. चावी ऑन केल्यावर 'टिक' असा आवाज यायला हवा. नाही आला तर त्याची वायर आणि पिन पाहा. पिन साफ करून काम भागलं तर नशीबच.

चढावर दम तोडत असेल तर मात्र पेट्रोलचा पुरवठा पाहावा लागेल. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात गाडी मेली आणि टाकीचं झाकण उघडताच 'फुस्स' होऊन परत चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. मेस्त्रीसुद्धा हे कधीकधी विसरतात! उन्हात तापून बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने निमूट सुरू होणारी गाडी असेल तर नळीत वाफ धरतेय. पंपावर ओलं फडकं हा तात्पुरता उपाय, पण नळी इंजिनच्या गरम भागापासून लांब बांधणं हाच खरा.

पावसाळ्यात किंवा गाडी महिनाभर उभी राहिल्यावर टाकीत पाणी साचतं. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी उतरवून साफ करावी लागेल. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉलही त्याच्यासोबत खाली बसतं. पंपाचाच संशय असेल तर तिथे फिल्टर पेपर मागा. तो देणं पंपाला बंधनकारक आहे, मग पंप कर्नाटकातला असो, गोव्यातला असो की महाराष्ट्रातला. कागदावर टाकलेला थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यायला जागा आहे. पावती जपून ठेवा.

इंजेक्शनवाल्या नंतरच्या ओम्नीला चोक नाही, फिरवायला स्क्रूही नाही. तिथे आधी थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून घ्या, आणि पिवळा दिवा लागलेला असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय कोणताही पार्ट विकत घेऊ नका.