घरचा कोच आणि वरचा साहेब

अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल हे प्रकरण बाहेरच्या माणसाच्या पचनी पडायला जरा वेळ लागतो. एक तर ते आपण म्हणतो ते फुटबॉल नव्हेच. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि पायापेक्षा हाताचंच काम जास्त. दुसरं म्हणजे 'कॉलेज' म्हटलं की आपल्यासमोर आंतरमहाविद्यालयीन सामने येतात.. मैदानाच्या कडेला पाच-पन्नास मित्रमंडळी आणि एक पाण्याचा पिंप. तिकडे नेब्रास्का विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये नोव्हेंबर १९६२ पासून सुरू झालेली हाऊसफुल्लची मालिका साठ वर्षं उलटली तरी तुटलेली नाही. सामन्याच्या दिवशी हे स्टेडियम म्हणजे ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं, असं तिकडचे लोक कौतुकाने सांगतात.

मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ या राज्यात नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचा लाल शर्ट. त्यामुळे तिथला मुख्य कोच हा सार्वजनिक मालमत्तेसारखा असतो आणि 'याची नोकरी टिकणार का?' हा प्रश्न हवापाण्याच्या गप्पांइतकाच नेहमीचा. त्यातही कोच जर नुकताच असिस्टंटचा मुख्य झालेला असेल तर मग विचारूच नका. बाहेरून नावाजलेला माणूस आणला तर लोक त्याला दोन-तीन वर्षं देतात. घरच्या माणसाला मात्र पहिल्या पराभवापासून ऐकून घ्यावं लागतं, कारण त्याला सगळ्यांनी 'दुसऱ्या नंबरवर' काम करताना पाहिलेलं असतं!

या अंदाजबाजीत लोक नेहमी जिंकलेले-हरलेले सामने मोजतात. नेब्रास्काचा इतिहास वाचल्यावर माझं मत असं झालंय की मोजायची गोष्ट वेगळी आहे. ज्याने या माणसाला बढती दिली तो अजून खुर्चीत आहे का, ते आधी बघावं. हे पटवायला थोडं मागे जावं लागेल.

नेब्रास्काचं साम्राज्य उभं केलं बॉब डेव्हेनीने. १९६२ साली तो आला तेव्हा संघाची अवस्था यथातथाच होती. त्याने पहिल्या चार हंगामांत ३८ सामने जिंकले, फक्त ६ हरले. पुढे १९६७ आणि १९६८ ही दोन्ही वर्षं मात्र ६ विजय - ४ पराभव अशी गेली. आता कुरबूर तर होणारच. पण गंमत अशी, की १९६७ पासून विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे सगळ्या खेळांचा मुख्य साहेब, स्वतः डेव्हेनीच होता. कोचला काढायचं की नाही हे ठरवणारा माणूस आणि कोच एकच! १९७० आणि १९७१ साली त्याने लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली आणि कुरबूर करणारेच त्याच्या नावाचा जयजयकार करू लागले.

१९७२ च्या हंगामानंतर डेव्हेनीने कोचिंग सोडलं आणि आपल्याच हाताखालच्या टॉम ऑस्बोर्नला गादीवर बसवलं. ऑस्बोर्न उंच, शांत, शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस. आज त्याचं नाव तिकडे देवासारखं घेतात, पण सुरुवातीची वर्षं काही सुखाची नव्हती. खरा वैरी होता ओक्लाहोमा. १९७३ ते १९७७ अशी सलग पाच वर्षं ऑस्बोर्न त्यांच्याकडून हरला. बाकी वर्षभर कितीही जिंका, हंगामाच्या शेवटी ओक्लाहोमाने धुतलं की सगळं मुसळ केरात. १९७८ मध्ये शेवटी १७-१४ असा विजय मिळाला, तर ऑरेंज बोलमध्ये परत तोच ओक्लाहोमा समोर उभा ठाकला आणि ३१-२४ ने हरवून गेला. त्याच हिवाळ्यात ऑस्बोर्न कोलोराडो विद्यापीठाची नोकरी बघून आला, जवळजवळ गेलाच होता म्हणा ना, पण राहिला. आणि या सगळ्या काळात वरच्या खुर्चीत कोण होतं? डेव्हेनी. १९९३ च्या सुरुवातीपर्यंत तो तिथून हलला नाही. ऑस्बोर्नला काढणं म्हणजे 'मी निवडलेला माणूस चुकीचा होता' असं स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. ते कोण करेल?

ऑस्बोर्नचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९९४ साली. म्हणजे त्याच्या बाविसाव्या हंगामात! मग १९९५ आणि १९९७ अशी आणखी दोन (१९९७ चं मिशिगनबरोबर वाटून). शेवटच्या पाच वर्षांत ६० विजय आणि ३ पराभव. २५ वर्षांत एकाही हंगामात ९ पेक्षा कमी विजय नाहीत की ३ पेक्षा जास्त पराभव नाहीत.

हे आकडे डोक्यात ठेवा, कारण आता आपला खरा नायक येतो.

डिसेंबर १९९७ मध्ये ऑस्बोर्नने निवृत्ती जाहीर केली आणि वारसदार म्हणून त्याच वेळी नाव पुढे आलं फ्रँक सोलिचचं. याच्याइतका घरचा माणूस शोधून सापडला नसता. डेव्हेनीच्या हाताखाली तो फुलबॅक म्हणून खेळला होता. अंगकाठी लहान, पण १९६५ मध्ये एअर फोर्सविरुद्ध एकट्याने धावून २०४ यार्ड काढणारा. नंतर लिंकनमधल्याच शाळेत कोच, १९७९ पासून विद्यापीठात, पुढे वर्षानुवर्षं रनिंग बॅक्सचा कोच. थोडक्यात, एकाच कंपनीत एकोणीस वर्षं काढून मग डायरेक्टर झालेला माणूस.

पहिल्याच हंगामात, १९९८ मध्ये, ९ विजय आणि ४ पराभव. कुठल्याही दुसऱ्या विद्यापीठात याला 'ठीक सुरुवात' म्हणाले असते. पण त्यात टेक्ससने लिंकनमध्ये येऊन २०-१६ ने हरवलं आणि घरच्या मैदानावरची सलग ४७ विजयांची साखळी तोडली. कॅन्सस स्टेटकडून १९६८ नंतर पहिल्यांदाच पराभव झाला. झालं! सोलिच झेपेल का, ही चर्चा पहिल्याच वर्षी सुरू. पुराच्या वर्षी पुलाच्या खांबावर पाण्याची खूण करून ठेवायची आणि मग दरवर्षी 'यंदा पाऊस कमीच' म्हणून ओरडायचं, त्यातला प्रकार.

सोलिचने उत्तर मैदानात दिलं. १९९९ मध्ये १२-१ आणि बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचं विजेतेपद. २००० मध्ये १०-२. २००१ मध्ये ११-२, आणि क्वार्टरबॅक एरिक क्राउचला त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी. पहिल्या चार वर्षांत ४२ विजय.. डेव्हेनीचे तितक्याच काळात ३८ होते आणि ऑस्बोर्नचे ३७!

पण २००१ च्या त्या ११-२ मध्येच पाणी मुरत होतं. नोव्हेंबरमध्ये कोलोराडोने ६२-३६ असा धुव्वा उडवला. तरीही कॉम्प्युटरच्या गणितात नेब्रास्का राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला (यावर अर्ध्या अमेरिकेने बोटं मोडली), आणि तिथे मायामीने ३७-१४ ने लोळवलं. २००२ मध्ये तर ७-७. १९६१ नंतर पहिल्यांदाच विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते. १९८१ पासून संघ असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत दर आठवड्याला असायचा, तोही सिलसिला तुटला.

तेव्हा काळजी करणारे सगळे मूर्ख होते असं अजिबात नाही. स्कॉलरशिपची संख्या कायद्याने कमी होत गेली होती, चांगली पोरं टेक्सस-फ्लोरिडाकडे जात होती, आणि नेब्रास्काचा तो जुना धावण्यावर भर देणारा 'ऑप्शन' खेळ इतरांना पाठ झाला होता. सोलिचलाही हे कळत होतं. २००२ नंतर त्याने आपले जुने सहकारी बदलले, बचावाची सूत्रं बो पेलिनी नावाच्या बाहेरच्या तरुण कोचकडे दिली. (ज्याला काढलं तो क्रेग बोल पुढे नॉर्थ डकोटा स्टेटला गेला आणि २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं एक पायरी खालच्या विभागाचा राष्ट्रीय विजेता झाला. नशीब बघा!)

पण त्याच सुमारास एक दुसरी गोष्ट घडली, जिच्याकडे विजय-पराभव मोजणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलं नसावं. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर बिल बर्न २००२ च्या अखेरीस टेक्सस ए अँड एमला निघून गेला. आणि ऑस्बोर्न? त्याने डेव्हेनीसारखी वरची खुर्ची घेतलीच नव्हती. तो २००० साली निवडणूक जिंकून वॉशिंग्टनला खासदार होऊन बसला होता. म्हणजे सोलिचला निवडणाऱ्यांपैकी आता इमारतीत कोणीच नाही. नवा साहेब आला स्टीव्ह पेडरसन. हाही नेब्रास्काचाच, पूर्वी ऑस्बोर्नच्या काळात तिथे काम केलेला. पण सोलिच ही त्याची निवड नव्हती. तो यशस्वी झाला तर श्रेय दुसऱ्याचं, पडला तर दोष मात्र पेडरसनचा.

२००३ मध्ये नियमित हंगामात ९ विजय, ३ पराभव. तिन्ही पराभव मोठे होते हे खरं: मिसुरीकडून ४१-२४, टेक्ससकडून ३१-७, कॅन्सस स्टेटकडून घरच्या मैदानावर ३८-९. शेवटच्या सामन्यात २८ नोव्हेंबरला कोलोराडोला त्यांच्या घरी ३१-२२ ने हरवलं. दुसऱ्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, सोलिचला काढून टाकलं. पेडरसनचं म्हणणं साधारण असं, की कार्यक्रम सामान्यपणाकडे घसरताना मी बघत बसणार नाही, कॉन्फरन्स ओक्लाहोमा आणि टेक्ससला आंदण देणार नाही.

आता एक छोटा हिशेब. सोलिचची सहा वर्षं: ५८ विजय, १९ पराभव. ऑस्बोर्नची पहिली सहा वर्षं: ५५ विजय, १६ पराभव, २ बरोबरी. दोघांच्या नावापुढे सहा वर्षांत राष्ट्रीय विजेतेपदं शून्य. एकाला पुढे १९ वर्षं मिळाली आणि त्याचा पुतळा उभा राहिला. दुसऱ्याला एक पत्रकार परिषद मिळाली, तीही दुसऱ्याने घेतलेली. आकड्यांत इतका फरक मला तरी दिसत नाही. फरक दिसतो तो वरच्या खुर्चीत.

पुढचं जरा भराभर सांगतो, कारण ते फार सुखाचं नाही. नवा कोच मिळायला ४१ दिवस लागले. जानेवारी २००४ मध्ये व्यावसायिक लीगमधून बिल कॅलाहन आला. पहिल्याच वर्षी ५-६: १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम, आणि सलग ३५ वर्षं हंगामानंतरच्या 'बोल' सामन्याला जायचा रिवाज संपला. सप्टेंबर २००७ मध्ये पेडरसनने कॅलाहनचा करार वाढवून दिला. ऑक्टोबरमध्ये पेडरसन घरी, नोव्हेंबरमध्ये कॅलाहन घरी. तात्पुरता साहेब म्हणून कोणाला बोलावलं असेल? सत्तरीतल्या ऑस्बोर्नला! त्यानंतर पेलिनी, रायली, फ्रॉस्ट.. कोच येत राहिले. पेलिनीने तर सात वर्षांत दर वर्षी किमान ९ सामने जिंकले आणि २०१४ मध्ये त्यालाही नारळ मिळाला. तोवर त्याला निवडणारा ऑस्बोर्नही निवृत्त झाला होता, हे चतुर वाचकांच्या लक्षात आलंच असेल. २०१७ ते २०२३ असे सात हंगाम ओळीने तोट्याचे गेले. आणि २०२५ च्या हंगामापर्यंत नेब्रास्काचं शेवटचं कॉन्फरन्स विजेतेपद कुठलं? १९९९ चं, सोलिचचं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

उलटं उदाहरणही द्यायला हवं. ऑक्टोबर २००८ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या क्लेम्सन विद्यापीठात टॉमी बाउडेन हंगामाच्या मध्येच पायउतार झाला. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर टेरी डॉन फिलिप्सने रिसीव्हर्सचा कोच असलेल्या डाबो स्विनीला हंगामी मुख्य कोच केलं. स्विनीने तोपर्यंत आक्रमणाची किंवा बचावाची संपूर्ण जबाबदारीसुद्धा कधी सांभाळली नव्हती. २०१० मध्ये त्याची कामगिरी ६-७. शेजारच्या साउथ कॅरोलिनाकडून हरल्यावर फिलिप्स भेटायला आला, तेव्हा आता गच्छंतीच, असं स्विनीला वाटलं होतं. पण साहेबाने उलट धीर दिला, विश्वास दाखवला. पुढच्याच वर्षी क्लेम्सनने १९९१ नंतरचं पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद मिळवलं, आणि २०१६ व २०१८ च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपदं. सोलिचची सर्वात वाईट मोसमातली कामगिरी ७-७ होती, स्विनीची त्याहून वाईट. पण स्विनीला निवडणारा माणूस अजून जागेवर होता.

याचा अर्थ साहेब टिकला की कोच जिंकतोच असा नाही. न जिंकणाऱ्याला वाचवत बसलेले साहेबही पुष्कळ असतात, त्यांच्या गोष्टी कोणी लिहीत नाही इतकंच. पण एखाद्याला किती वेळ मिळेल हा प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर स्कोअरबोर्डवर अर्धंच असतं. आयटीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्या मॅनेजरने आपल्याला लीड केलं तो पेपर टाकून गेला, की आपलं तेच काम, तेच रेटिंग, अचानक वेगळं दिसायला लागतं. नव्या साहेबासाठी आपण 'मागून आलेलं सामान' असतो. त्यात त्याचा दुष्टपणा असतोच असं नाही, फक्त आपल्यात त्याची काही गुंतवणूक नसते.

सोलिचचं काय झालं? तो २००५ मध्ये ओहायो विद्यापीठात गेला. मोठ्या नावांच्या यादीत न बसणारं ठिकाण. तिथे त्याने १६ हंगाम काढले, ११५ सामने जिंकले आणि २०२१ मध्ये निवृत्त झाला. २०२२ मध्ये तिथल्या मैदानाला त्याचं नाव दिलं. २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली. नेब्रास्काच्या स्टेडियममध्ये मात्र त्याने वीस वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये नवा कोच मॅट रूलच्या काळात वसंतातल्या सराव सामन्याला त्याला सन्मानाने बोलावलं आणि तो गेला. ज्या स्टेडियममध्ये 'याला काढा' म्हणून कुजबूज व्हायची, तिथेच लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.