फिनलंडचा पूक्को : चामडी मुठीच्या चाकूची घडण आणि इतिहासाचा पुरावा

प्रस्तावना

फिनलंडच्या पारंपरिक चाकूस 'पूक्को' म्हणतात. फिनिश भाषेत 'पू' म्हणजे लाकूड; या शब्दाशी चाकूच्या नावाचा संबंध जोडला जातो. लिखित साधनांत मात्र हा चाकू बहुधा शस्त्र म्हणून भेटतो. एखाद्या माणसाने चाकूने लाकूड तासले वा मासा साफ केला, याची नोंद कोणी करीत नाही. त्याच चाकूने वार केला तर मात्र तो दप्तरात चढतो. कागदाच्या या एकांगीपणास खुद्द वस्तूची घडण कितपत उत्तर देऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घडणीची प्रक्रिया

पोलाद महाग होते तेव्हा लोहार मऊ लोखंडात पोलादाची पट्टी घालून दोन्ही एकजीव करीत. त्यामुळे धार कठीण आणि पाते चिवट राही. पाते लाल तापवून त्यास पाणी दिले जाई आणि नंतर ठिसूळपणा जावा म्हणून ते पुन्हा मंद आचेवर शेकले जाई. पात्याच्या मागचे निमुळते शेपूट मुठीतून आरपार जाते.

मूठ सामान्यतः बर्च झाडाच्या लाकडाची असते. बर्चच्या सालीच्या चकत्या एकावर एक रचून केलेली मूठही परिचित आहे. चामडी मुठीची रीत तीच. वनस्पतींच्या कषायाने कमावलेल्या जाड चामड्याच्या चकत्या कापून प्रत्येकीच्या मध्यभागी फट पाडतात व त्या शेपटावर सरस लावून ओवतात. चकती तीन मिलिमीटर जाडीची धरली, तर दहा सेंटिमीटरच्या मुठीस तीस-पस्तीस चकत्या लागतात. त्या घट्ट दाबून टोकास धातूची टोपी बसवितात आणि शेपटाचे टोक ठोकून पसरवितात. सुकल्यावर कानशीने तळहाताजोगा आकार देऊन तेल व मेण मुरवितात. अशी मूठ थंडीत धातूसारखी हातास झोंबत नाही. लहान तुकडेही येथे कामी येत असल्याने काटकसरीच्या घरासही ती परवडणारी होती.

शस्त्र की अवजार?

एकोणिसाव्या शतकात फिनलंड रशियन साम्राज्यातील स्वायत्त संस्थान होते (१८०९–१९१७). त्या काळी दक्षिण ऑस्ट्रोबोथ्निया प्रांतात चाकूबाज गुंडांची दहशत होती. त्यांपैकी आंती इसोतालो व आंती रन्नानयार्वी लोकगीतांतून आजही ओळखले जातात. याच प्रांतातील कौहावा येथे ईसाक्की यार्वेनपॅ याने १८७९ मध्ये चाकूंचा व्यवसाय सुरू केला, आणि ते गाव चाकूंसाठी नावारूपास आले. एकाच भूमीत कारागिरी व हिंसा शेजारी नांदत होत्या, हे नाकारता येत नाही.

तथापि घडण काय सांगते? पाते साधारणतः तळहाताच्या रुंदीएवढे आखूड, धार एकाच बाजूस, आणि भोसकताना हात पात्यावर घसरू नये म्हणून शस्त्रास असणारी आडवी पट्टी येथे नाही. येथे अमेरिकन नौसैनिकांच्या १९४२ मधील का-बार चाकूशी तुलना उद्बोधक ठरते. त्याची मूठही चामड्याच्या चकत्यांचीच. पण पाते सात इंचांचे आणि मुठीपुढे आडवी पट्टी आहे. मूठ तीच, हेतू वेगळा.

एलियास लोनरोटने संकलित केलेल्या 'कालेवाला' महाकाव्याच्या १८४९ च्या आवृत्तीतील कुल्लेर्वोची कथाही येथे बोलकी आहे. मालकिणीने भाकरीत दगड दडविल्यामुळे गुराखी कुल्लेर्वोच्या चाकूचे पाते मोडते. पित्याची उरलेली एकमेव आठवण गेल्याने तो सूडास प्रवृत्त होतो. चाकू भाकरी कापण्यासाठीच निघाला होता. सूड त्याच्या मोडण्यातून जन्मला.

निष्कर्ष

फिनलंडच्या २००३ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यानुसार काम वा अन्य सबळ कारणाखेरीज सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगता येत नाही. म्हणजे कायद्यानेही वस्तूपेक्षा तिचे प्रयोजन महत्त्वाचे मानले आहे. इतिहासकारानेही तेच करावयास हवे. घडण कोणास निर्दोष ठरवीत नाही. अवजाराने खून होऊ शकतो, हे दप्तर सांगतेच. परंतु चाकू कशासाठी घडविला गेला, हे त्याची मूठ आणि पातेच सांगतात. ज्यांनी अक्षर लिहिले नाही अशा असंख्य कारागिरांची साक्ष अशा वस्तूंतच उरलेली असते. ती कागदाशेजारी ठेवूनच वाचली पाहिजे.