कागदाच्या तळाशी

इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील तर त्याला उत्तर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, कोर्टाच्या पायरीवर आणि एस.टी.च्या बाकावर झाले. पण मलकापुराहून कोल्हापूर 45 किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि एवढ्या अंतरावर आपल्या वाडवडिलांचे कागद सांभाळून ठेवलेले असताना आपण ते पाहायला जात नाही, हे मला सांगितलेच पाहिजे.

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे संशोधक. ताराबाईकालीन कागदपत्रे त्यांनी संपादित केली. तेव्हा जुन्या कागदांची कदर त्या आवाराला आरंभापासूनच आहे. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचे नाव असलेल्या तेथील ग्रंथालयात छापील ग्रंथांच्या जोडीला हस्तलिखितेही आहेत. संस्थानचे दप्तर मात्र सरकारच्या पुरालेखागारात आहे. पुष्कळांची यात गल्लत होते, म्हणून सांगितले.

असे कागद मांडले म्हणजे लोक कोठे पाहतात, हे मी मुद्दाम न्याहाळले आहे. सगळे वरती पाहतात. राजमुद्रा कोणाची, शिक्का कसा उठला, हे पाहून पुढे सरकतात. शाहूवाडीच्या माणसाला विशाळगड आणि 1660 सालची पावनखिंड दाराशीच, त्यामुळे तो गडाचे नाव शोधतो. माझे म्हणणे एवढेच, की जरा वाकून कागदाच्या तळाशी पाहा.

गावच्या वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई, निवाड्याचा महजर होई, आणि त्यावर गावचे पाटील, बलुतेदार साक्षीला उभे राहत. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मग कुलकर्णी नाव लिही, आणि शेजारी त्या माणसाची निशाणी पडे. कुणब्याचा नांगर, कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा. ज्याचे जे हत्यार, तीच त्याची सही! मोडी मी उतारवयात गिरवली, अजून अडखळतो. पण तो नांगर वाचायला मला कोणाची मदत लागली नाही. माझ्या जन्मात मी जेवढी पगारपत्रके पाहिली, त्यांतल्या एकावरही कामकऱ्याचा धंदा इतक्या मानाने उमटलेला मला दिसला नाही.

हत्यार गेले आणि अंगठा आला. 1858 साली बंगालात विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अंमलदाराने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा सबंध पंजा उठवून घेतला, तो त्याने पुढे मुकरू नये म्हणून. 1897 साली कलकत्त्यास ठशांची कचेरीच निघाली. निशाणी सांगे, हा कोण. अंगठा सांगतो, हा पळून जाऊ नये. मला तरी हा फरक लहान वाटत नाही.

आता आमच्याच घरातली गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारची सुटी मिळायला 1890 उजाडले. या अर्जाची हकीकत आपल्याला ठाऊक आहे, कारण तो सरकारी चौकशीपुढे गेला. जे अर्ज सरकारपर्यंत पोचलेच नाहीत, ते कोणी जपायचे? युरोपात ॲम्स्टरडॅमला 1935 साली सामाजिक इतिहासाची एक संस्था निघाली. नाझींच्या हाती पडू नयेत म्हणून कामगार चळवळीचे कागद तिने जमवले, त्यांत मार्क्स-एंगल्सचेही.

आपल्याकडे नाझी यावे लागले नाहीत. मी ज्या एका संघटनेत उमेदवारी केली, तिची कचेरी बदलताना तीस वर्षांची सभावृत्ते आणि वर्गणीची पुस्तके रद्दीत गेली. हातगाडी मीच बोलावली होती. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. जागा मोकळी झाली, एवढेच वाटले.

त्यातली एक वही माझ्या पिशवीत राहिली, म्हणून वाचली. एका संपाच्या वेळच्या 212 अंगठ्यांची ती वही आहे. ती ग्रंथालयाकडे सोपवावी असे मनात आहे. पण देण्याआधी उघडली तेव्हा ध्यानात आले, की अंगठ्याशेजारी मी नावे लिहिली, कोण कोणते काम करी ते लिहिलेच नाही. जुन्या कुलकर्ण्यानेही एवढी चूक केली नसती. हल्ली सवड सापडली की जे हयात आहेत त्यांच्या घरी जातो आणि पेन्सिलीने भर घालतो: हा फिटर, हा हमाल, ही ऊसतोडीवाली. निम्म्याहून अधिक नावांपुढची जागा अजून कोरी आहे.