बिनतारी यंत्रांतील लपंडाव

वैद्यांच्या अनुभवाला एका प्रकारचा रोगी नेहमींच येतो. घरीं त्याची छाती धडधडते, झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं. पण वैद्यबुवा उंबरठ्यावर आले कीं त्याची नाडी अशी शांत चालूं लागते कीं घरच्या मंडळींनाच ओशाळल्यासारखें व्हावें. यंत्रांच्या राज्यांतहि असे रोगी आहेत. जें यंत्र अगदींच बंद पडलें त्याचें फारसें भय नसतें. त्याची तपासणी सावकाश करतां येते. खरा छळ करतो तो येऊन-जाऊन असणारा बिघाड. झांकण उघडलें कीं गायब, झांकण लावलें कीं हजर!

स्वतःच्या हातानें बिनतारी यंत्र जोडून त्यावरून दूरच्या मित्रांशीं बोलणारे जे हौशी लोक आहेत, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, त्यांचा बराचसा काळ या लपंडावांत जातो. साताऱ्यास व सांगलीस राहणाऱ्या अशा हौशी माणसाच्या उपयोगीं पडेल असें कांहीं आज सांगावयाचें आहे. परंतु आधीं थोडा इतिहास. बिघाडाला कसला इतिहास, असें कोणी विचारील. गंमत अशी कीं, बिनतारी विद्येची पहिली चाहूल मुळीं एका ढिल्या सांध्यानेंच दिली.

१८७९ सालची गोष्ट. लंडनमध्यें डेव्हिड ह्यूज नांवाचे एक संशोधक आपल्या ‘प्रवर्तन-तुला’ नांवाच्या उपकरणावर काम करीत होते. टेलिफोनच्या कर्णिकेंत मधूनमधून खरखर ऐकूं येऊं लागली. दुसरा कोणी असता तर सगळ्या तारा उपटून त्यानें त्या नव्यानें जोडल्या असत्या. ह्यूज यांनीं खरखरीचा माग काढला, तों तुलेंतील एक सांधा ढिला होऊन तेथें बारीक ठिणगी पडत असल्याचें दिसलें. येथपर्यंत नवल कांहींच नाहीं. नवल हें कीं, तुलेशीं न जोडलेली कर्णिकाहि त्या ठिणगीसरशी वाजे! मग मुद्दाम ठिणग्या पाडणारें यंत्र त्यांनीं घरीं ठेवलें, मायक्रोफोन व कर्णिका हातीं घेतली, आणि ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरून चालत सुटले. सुमारें पांचशें यार्डांपर्यंत आवाज येत राहिला. त्यांचा तो मायक्रोफोन हाहि सैल स्पर्शावरच चालणारा. म्हणजे एका टोंकाला एक सैल सांधा बोलत होता आणि दुसऱ्या टोंकाला दुसरा सैल सांधा ऐकत होता.

पुढील वर्षीं, १८८० च्या फेब्रुवारींत, रॉयल सोसायटीचे विद्वान् हा चमत्कार पाहावयास आले. त्यांतील स्टोक्स यांनीं, हें नेहमींचेंच प्रवर्तन आहे, नवें कांहीं नाहीं, असा निर्णय दिला. ह्यूज यांचा विरस झाला व त्यांनीं तो शोध प्रसिद्धच केला नाहीं. सातआठ वर्षांनीं हर्ट्झ यांनीं विद्युत्-लहरी सिद्ध केल्या तेव्हां कीर्ति त्यांच्या पदरीं पडली, आणि ती योग्यच होती. कारण त्यांनीं शोधाला गणिताची जोड दिली होती. पण बिघाड म्हणजे केवळ त्रास असें समजून तो दडपला नाहीं, याचें श्रेय ह्यूज यांना दिलेंच पाहिजे.

सैल स्पर्शाचें हें नातें पुढेंहि सुटलें नाहीं. ब्रान्ली यांनीं १८९० सालीं कांचेच्या नळींत धातूचा कीस भरून जो ग्राहक केला, त्यांत लहर आली कीं कीस चिकटून विजेला वाट मिळे. पण ती वाट पुन्हां मोडण्यासाठीं दर वेळीं नळीला टिचकी मारावी लागे. जगदीशचंद्र बसूंनीं लोखंड व पारा यांच्या स्पर्शाचा, आपोआप पूर्वस्थितीवर येणारा ग्राहक केला आणि १८९९ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडला. पण ग्राहकांवर प्रयोग करतां करतां त्यांच्या एक विलक्षण गोष्ट लक्षांत आली. ग्राहक फार वेळ राबविला कीं मंद होई, आणि विश्रांति दिली कीं ताजातवाना होई. आपल्यासारखा सामान्य मनुष्य म्हणाला असता, यंत्र लहरी आहे. बसूंनीं त्या थकव्याचे आलेख काढले, मग धातूंचे, मग स्नायूंचे, मग वनस्पतींचे. आणि १९०२ सालीं सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. वनस्पतींच्या संवेदनेचा तो सारा प्रदेश एका कुरकुरणाऱ्या ग्राहकाच्या पाठोपाठ जातां जातां त्यांना सांपडला.

हिंदुस्थानांत हौशी बिनतारी केंद्राचा पहिला परवाना कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तु यांना १९२१ सालीं मिळाला. पुढें १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी लोकांचीं प्रेषक यंत्रें पोलिसांच्या हवालीं करण्याचा हुकूम काढला. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे असेच एक हौशी. १९४२ च्या ऑगस्टांत काँग्रेसचे पुढारी तुरुंगांत गेल्यावर उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी या तरुण मंडळींनीं गुप्त नभोवाणी काढली, तिचें प्रेषक यंत्र जोडलें तें याच प्रिंटरांनीं. उषाबाईंचें वय तेव्हां बावीस. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरच्या लहरीवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलूं लागला. चिमूर-आष्टीच्या बातम्या ज्या काळीं छापतां येत नव्हत्या, त्या काळीं त्या या घरगुती यंत्रानें सांगितल्या. मागें राममनोहर लोहिया होते, अच्युतराव पटवर्धन होते. याच अच्युतरावांचें नांव पुढें साताऱ्याच्या प्रतिसरकाराशीं जोडलें गेलें. तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांत वाळवें, तासगांव हे तालुकेहि होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा झाला आणि त्यालाच पुढें सांगली जिल्हा हें नांव मिळालें.

पोलिसांना माग लागूं नये म्हणून हें यंत्र चौपाटीजवळच्या एका इमारतींतून दुसरीकडे, तेथून तिसरीकडे असें वारंवार हलविलें जाई. घरीं जोडलेलें यंत्र ज्यानें जिन्यावरून खालींवर केलें आहे त्याला सांगावयास नको, कीं अशा हलवाहलवींत व्हॉल्व्हचे पाय खोबणींत सैल होतात, जड रोहित्राच्या वजनानें तारेचे डाख तडकतात. आणि त्या वेळच्या श्रोत्याची अवस्था पाहा. बोलतां बोलतां आवाज थांबला तर त्यानें काय समजावें? व्हॉल्व्ह गेला, कीं मंडळी पकडलीं गेलीं? शेवटीं १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं जी शांतता पसरली ती बिघाडाची नव्हती. प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. खाकरांना पांच वर्षांची, उषाबाईंना चार वर्षांची व झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. यंत्राचे सांधे टिकले, माणसांतला एक निसटला. असो.

त्या ४२.३४ मीटर लहरीचा हिशेब मांडला तर ती सुमारें ७.०८ मेगॅहर्ट्झ येते. आज हा पट्टा हौशी लोकांचा आहे, आणि साताऱ्याहून सांगलीशीं बोलावयाचें तर तोच सोयीचा. दोन्ही गांवांत सरळ रेषेनें सुमारें ११० किलोमीटरांचें अंतर आहे आणि मध्यें डोंगरांच्या सोंडा. त्यामुळें जमिनीवरून जाणारी लहर पोंचत नाहीं. आकाशांतील विद्युन्मय थरावर आपटून परत येणारी लहर पोंचते. (या थराचें अस्तित्व अ‍ॅपल्टन यांनीं १९२४ सालीं प्रयोगानें दाखविलें.) दुपारीं हा थर दाट असतो, म्हणून जवळजवळ उभी वर गेलेली लहरहि खालीं येते. रात्रीं तो विरळ होतो. उभी लहर निसटून जाते, तिरपी तेवढी परत येते, आणि तीहि शेंकडों कोसांवर. अशा वेळीं नवखा हौशी गोंधळतो. दुपारीं सांगलीचा मित्र शेजारच्या खोलींतून बोलावा तसा येत होता, रात्रीं नाहींसा झाला, आणि परदेशांतला कोणी मात्र खणखणीत येतो आहे! तो डाख-कावीया घेऊन निरोगी यंत्राचें पोट फाडावयास बसतो. म्हणून बिघाड आकाशांत आहे कीं पेटींत, हा पहिला प्रश्न.

त्याचें उत्तर सोपें आहे. एरियल काढावें आणि त्याच्या जागीं ५० ओहमचा रोधक, ज्याला डमी लोड म्हणतात, तो लावावा. प्रेषणाची खोडी त्यानें थांबली, तर दोष बाहेर आहे: पावसाळ्यांत काळवंडलेला तांब्याचा सांधा, वाऱ्यानें हलणारी तार, पाणी शिरलेली केबल. आपल्याकडच्या पावसांत पुष्कळशा खोड्या येथेंच संपतात.

आंतल्या दोषासाठीं यंत्राची रचना ठाऊक पाहिजे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनीं या शतकाच्या आरंभीं ‘बिटएक्स’ नांवाची जी आराखड्याची देणगी दिली, तींत बाजारांत मिळणारे साधे भाग होते. एका वेटोळ्यासाठीं तर नळाचा वॉशर! तींतील बरेचसे टप्पे ऐकण्यास व बोलण्यास दोन्ही दिशांनीं वापरले जातात. यामुळें निदान सुलभ होतें. ऐकणें व बोलणें दोन्ही एकदम डळमळलें तर दोष सामाईक टप्प्यांत किंवा वीजपुरवठ्यांत; केवळ बोलणेंच अडखळत असेल तर मायक्रोफोन, बदलणारा रिले, नाहीं तर शेवटचा शक्तिवर्धक.

सर्वांत मोठा गुन्हेगार मात्र कच्चा डाख. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें यांचा डाख १८३ अंश सेंटिग्रेडला एकदम वितळतो व एकदम गोठतो. इतर प्रमाणांत मध्यें एक पिठूळ अवस्था येते, आणि त्या क्षणीं तार हलली कीं सांधा खरबरीत, निस्तेज होतो. तारेवर राळेचा थर राहिला तरी तेंच. असा सांधा थंडपणीं चिकटलेला असतो. यंत्र पंधरावीस मिनिटें तापलें कीं धातु व पाटी वेगवेगळ्या मानानें फुगतात, केसाएवढी भेग उघडते, आवाज जातो. झांकण काढलें कीं वारा लागून भेग मिटते! आमचा रोगी वैद्यापुढें बरा कां होतो, तें येथें कळतें.

म्हणून त्याला मुद्दाम आजारी पाडावा लागतो. केंस वाळविण्याच्या यंत्रानें एकेक भाग ऊन करावा, स्पिरिटच्या थेंबानें थंड करावा, वाळलेल्या बांबूच्या काडीनें हलकेच टिचकी मारावी; अगदीं ब्रान्लीच्या नळीला मारीत तशी. सबंध यंत्रावर नव्हे. आधीं अर्ध्यावर, मग त्या अर्ध्याच्या अर्ध्यावर. जवळ वही असावी: किती वाजतां गेला, किती मिनिटांनीं आला, त्या वेळीं दाब किती होल्ट. व्हॉल्व्हचें जुनें यंत्र असेल तर वीज बंद केल्यावरहि धारित्रांत प्राण घेण्याइतका दाब उरतो, हें विसरूं नये.

एवढी यातायात कशासाठीं? २६ डिसेंबर २००४ रोजीं अंदमानांत समुद्र उसळला तेव्हां भारती प्रसाद यांची हौशी तुकडी योगायोगानें पोर्ट ब्लेअरला होती, आणि बाहेरच्या जगाशीं बोलण्याचें काम तिच्या यंत्रांनीं केलें. आपल्याकडे १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर हादरलें आहे. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलाशीं कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आहे. अशा रात्रीं यंत्र पंधरा मिनिटें बोलून गप्प बसलें तर ऐकणाऱ्याला बेचाळीस सालचाच प्रश्न पडेल.

फुंकर घातल्यानें किंवा पेटीवर थाप मारल्यानें बरा झालेला बिघाड बरा झालेला नसतो. संशयित सांधा सांपडला तरी लगेच डाख लावूं नये. तोच सांधा पुन्हां ऊन करून आवाज जातो का, थंड करून येतो का, तें तीन वेळां पाहावें. तिन्ही वेळां वहींतली जुनीच लक्षणें उमटलीं, तर जुना डाख काढून, तार खरवडून, नवा लावावा. मग झांकणाचे सगळे स्क्रू आवळून यंत्र डमी लोडवर दोन तास थांबून थांबून चालवावें, आणि नंतरच एरियलची तार जोडावी.