मनातले भाग आणि त्यांची ओझी : ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ उपचारपद्धतीची ओळख

‘एक मन म्हणतं मुलाखतीला जावं, दुसरं मन म्हणतं तिथं आपला निभाव लागायचा नाही.’ तरुणांसोबत काम करताना अशी वाक्ये मी नेहमी ऐकते. मराठीत एका माणसाला सहज दोन मने असतात, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मानसोपचारातील ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ (आयएफएस) ही पद्धत याच अनुभवावर उभी आहे. मन एकसंध नसते, त्यात अनेक भाग असतात. कुटुंबातील माणसांसारखे ते एकमेकांशी भांडतात आणि एकमेकांना सांभाळतातही. त्यातला कोणताही भाग मुळात वाईट नसतो, असे ही पद्धत मानते.

उगम

अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ डॉ. रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८०च्या दशकात शिकागो येथे ही पद्धत विकसित केली. ते बुलिमिया या खाण्याच्या विकाराने त्रस्त तरुणींवर उपचार करत होते. कुटुंबातील नातेसंबंध सुधारूनही काहींचा त्रास थांबत नव्हता. त्या सांगत, ‘माझा एक भाग मला सतत टोचून बोलतो, एक भाग एकटा पडतो आणि एक भाग मला खायला लावतो.’ स्वतःला इजा करायला लावणाऱ्या भागाला श्वार्ट्झ यांनी सुरुवातीला दटावून पाहिले, तेव्हा परिस्थिती आणखी बिघडली. मग त्यांनी जोर लावणे सोडले आणि तो भाग असे का करतो, हे विचारायला सुरुवात केली. तो भाग आपल्या परीने त्या व्यक्तीला वाचवू पाहत होता, हे त्यातून समोर आले. या पद्धतीवरील त्यांचे मुख्य पुस्तक १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मनाच्या भागांचा विचार याआधीही झाला होता. इटलीचे रोबेर्तो असाजिओली यांच्या सायकोसिंथेसिसमध्ये आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया सटीर यांच्या कामात तो आढळतो. श्वार्ट्झ यांनी त्याला कुटुंबोपचाराची जोड दिली.

तीन प्रकारचे भाग

समजा, वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी आहे. आडनाव सांगताना ती अडखळते. शाळेत असताना सगळ्यांसमोर झालेला अपमान तिच्या मनात रुतून बसला आहे. ती दुखावलेली लहान मुलगी म्हणजे ‘एक्झाइल’, मनाच्या आतल्या कोपऱ्यात हद्दपार केलेला भाग. भीती, लाज आणि एकटेपणा तो वाहत असतो.

ही जखम पुन्हा उघडी पडू नये म्हणून ‘मॅनेजर’ भाग आधीपासून बंदोबस्त करतात. प्रमाणभाषेत बोल, रात्रभर अभ्यास कर, कुठेही चूक दिसू देऊ नको, असे ते बजावतात. एवढे करूनही कोणी टोमणा मारला आणि जखम उघडी पडली, की ‘फायरफायटर’ धावतात. आग विझवणे एवढेच त्यांना कळते. मग पहाटेपर्यंत मोबाइल, दारू किंवा संतापाचा स्फोट, काहीही होऊ शकते.

आपण सहसा या तिसऱ्या भागालाच दोष देतो. व्यसनी, तापट, आळशी असे शिक्के मारतो. हा भाग कोणत्या वेदनेवर पांघरूण घालतो आहे, असा प्रश्न आयएफएस विचारते.

उपचारात काय होते?

या सर्व भागांपलीकडे प्रत्येक माणसात ‘सेल्फ’ असतो, असे श्वार्ट्झ म्हणतात. शांतपणा, कुतूहल, करुणा, स्पष्टता, धैर्य ही त्याची काही लक्षणे. उपचारक रुग्णाला एकेका भागाकडे लक्ष द्यायला सांगतो. तो शरीरात कुठे जाणवतो? त्याच्याबद्दल तुला काय वाटते? हे काम सोडले तर काय होईल, अशी त्याला भीती आहे? ‘मी रागीट आहे’ याऐवजी ‘माझ्यातला एक भाग रागावला आहे’ असे म्हणता आले, की रागापासून थोडे अंतर मिळते. रक्षक भागांची संमती मिळाल्यावरच दुखावलेल्या भागाकडे जायचे आणि त्याचे ओझे उतरवायचे, हा या पद्धतीचा क्रम आहे.

समाजाने दिलेली ओझी

सगळी ओझी वैयक्तिक अनुभवातून येत नाहीत. काही पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, काही समाज लादतो, हे श्वार्ट्झ मान्य करतात. अमेरिकेच्या संदर्भात ते वंशवाद आणि पितृसत्ता यांचा उल्लेख करतात. जातीने लादलेली लाज याच प्रकारात मोडते, असे समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला वाटते. त्या विद्यार्थिनीचे अडखळणे हा तिच्या स्वभावाचा दोष नाही. मात्र उपचाराने तिचे ओझे हलके झाले, तरी अपमान करणारी व्यवस्था जागेवरच राहते. उपचार हा संघर्षाला पर्याय होऊ शकत नाही.

‘सेल्फ’ आणि अनात्म

बौद्ध वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांपलीकडे नित्य आत्मा नाही, हे तथागतांचे प्रतिपादन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आत्म्याची कल्पना नाकारली आहे. श्वार्ट्झ यांचा ‘सेल्फ’ मात्र जन्मतः असलेला आणि कधीही न डागाळणारा आहे. ही कल्पना आत्म्याच्या जवळ जाते आणि ती जशीच्या तशी स्वीकारण्याची गरज नाही. माझ्या मते ‘सेल्फ’कडे मैत्री, करुणा, उपेक्षा यांनी युक्त अशी चित्ताची अवस्था म्हणून पाहता येते. चित्तानुपश्यनेत द्वेषयुक्त चित्त द्वेषयुक्त म्हणून जाणायचे असते. भागाकडे झटापट न करता पाहणे त्याच्या जवळचे आहे. फरक असा, की आयएफएसमध्ये त्या भागाशी संवादही साधला जातो.

मर्यादा

या पद्धतीची लोकप्रियता मोठी असली, तरी पुरावा अजून तोकडा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे ७९ रुग्ण होते. आयएफएस गटात सांधेदुखी आणि नैराश्याच्या लक्षणांत झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकली, चिंतेत मात्र टिकाऊ फरक पडला नाही. एवढ्या छोट्या अभ्यासावरून मोठे दावे करता येत नाहीत. भास होणे, वास्तवाचे भान सुटणे किंवा तीव्र आघात असल्यास हे प्रयोग पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून एकट्याने करू नयेत. कार्यकर्त्यांनीही शिबिरात कोणाच्या जखमा उकरू नयेत.

मदत कुठे मिळेल?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तो चोवीस तास सुरू असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार जात, धर्म, लिंग किंवा वर्ग यांवरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. उपचारक जातीचा अनुभव हसण्यावारी नेत असेल, तर दुसरा उपचारक शोधावा. मदत मागितली म्हणून कोणी कमकुवत ठरत नाही, हे आपल्या मित्रमैत्रिणींनाही सांगावे.